बाकावरचं वर्ष: व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं प्रकरण

2016 साली अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात चार नवे खेळाडू आले. काइल गाय इंडियाना राज्याचा. बास्केटबॉलचं वेड असलेल्या त्या राज्यात दरवर्षी एका शालेय खेळाडूला ‘मिस्टर बास्केटबॉल’ हा किताब मिळतो, तो त्या वर्षी त्याला मिळाला होता. टाय जेरोम न्यू यॉर्क शहराला लागून असलेल्या न्यू रोशेलचा. डीआंद्रे हंटर फिलाडेल्फियाचा. जे हफ नॉर्थ कॅरोलिनातल्या डरमचा, उंची सात फुटांच्या वर. गाय आणि जेरोम यांना कोच टोनी बेनेट यांनी पहिल्याच मोसमापासून खेळवलं. हंटर आणि हफ यांना मात्र तो अख्खा मोसम बाहेर बसवलं.

याला तिथे ‘रेडशर्ट’ म्हणतात. कॉलेजच्या खेळाडूला पाच वर्षांत चार मोसम खेळता येत, असा तेव्हा नियम होता. एक मोसम अधिकृत सामन्यात पाऊलही न टाकता काढला तर तो खर्ची पडत नाही, शिल्लक राहतो. सराव रोजचा, जिम रोजची, वर्ग आणि परीक्षा सगळ्यांसारख्या, स्कॉलरशिप पूर्ण. सामन्याच्या दिवशी फक्त बाकावर बसून टाळ्या वाजवायच्या. आदल्या वर्षापर्यंत शाळेच्या संघाचा सगळा भार ज्याच्यावर होता, त्या अठरा वर्षांच्या मुलाला हा निरोप गोड लागण्याचं काही कारण नाही.

8 एप्रिल 2019 ला मिनियापोलिसमध्ये राष्ट्रीय अजिंक्यपदाचा अंतिम सामना झाला. त्यात व्हर्जिनियाकडून सर्वाधिक, म्हणजे 27 गुण हंटरनं केले आणि प्रतिस्पर्धी संघाच्या मुख्य खेळाडूला त्यानंच रोखून धरलं. दोन महिन्यांनी एनबीए या व्यावसायिक लीगचे संघ नवे खेळाडू निवडतात त्या निवडीत त्याचं नाव चौथ्या क्रमांकावर पुकारलं गेलं.

व्हर्जिनियाची गोष्ट सहसा वेगळ्या ठिकाणाहून सांगतात. 2018 साली इतिहासातला सर्वात लाजिरवाणा पराभव, 2019 साली अजिंक्यपद, मधे जिद्द. यातलं खोटं काहीच नाही. पण संघ कसा बांधला हे समजून घ्यायचं असेल तर त्या दोन तारखांपेक्षा हंटरचं बाकावरचं वर्ष जास्त सांगून जातं, असं मला वाटतं. ते वर्ष कोचला परवडलं कसं आणि खेळाडूनं ते मान्य का केलं, हा या प्रकरणाचा गाभा आहे.

बाजार आणि बेनेट यांचा हिशेब

आपल्याकडे कॉलेजचा खेळ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, प्रवासभत्त्याची भांडणं आणि हजेरीची सवलत. अमेरिकेतलं चित्र पार निराळं आहे. तिथे शाळकरी खेळाडूंना संकेतस्थळं तारे देतात, पाच तारे सर्वात वर. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या घरी मोठमोठ्या विद्यापीठांचे कोच स्वतः जाऊन बसतात. 2006 पासून एनबीएनं वयाची अट घातली आणि शाळेतून थेट व्यावसायिक खेळात जाण्याचा रस्ता बंद झाला. मग सर्वोत्तम मुलं एक वर्ष कॉलेजात काढायची आणि निघून जायची. केंटकीनं अशा पहिल्या वर्षाच्या मुलांच्या जोरावर 2012 साली अजिंक्यपद मिळवलं, ड्यूकनं 2015 साली.

बेनेट 2009 मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ सोडून व्हर्जिनियात आले, तेव्हा त्यांच्या साखळीत, म्हणजे मोसमभर आपसात खेळणाऱ्या विद्यापीठांच्या गटात, ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना हे दोन दिग्गज होते. पंचतारांकित मुलगा या दोघांना सोडून व्हर्जिनियाला हो म्हणेल, ही आशा धरण्यात अर्थ नव्हता. त्यामुळे जो मुलगा तीन-चार वर्षं राहील, त्याच्याकडे बेनेट वळले. एकोणिसाव्या वर्षी ड्यूकचा खेळाडू सरस असेल, पण बाविसाव्या वर्षीचा आपला खेळाडू त्याच्या बरोबरीला येईल, हा त्यांचा हिशेब. त्यात गृहीत एकच होतं, की मुलगा बाविसाव्या वर्षापर्यंत तिथेच असेल.

आणि सुरुवातीला तेच गृहीत फसलं. 2010 ची पहिली मोठी तुकडी सहा जणांची होती. चारही वर्षं टिकले दोघेच, जो हॅरिस आणि अकील मिचेल. बाकीच्यांनी दुसरी विद्यापीठं धरली. पण या दोघांच्या शेवटच्या वर्षी, 2014 मध्ये, व्हर्जिनियानं साखळीही जिंकली आणि साखळीची बाद फेरीची स्पर्धाही. ती स्पर्धा त्यांनी याआधी 1976 मध्ये जिंकली होती. हॅरिस वॉशिंग्टन राज्यातल्या शेलान या छोट्या गावचा, शालेय कोचचा मुलगा. पुढे 2019 साली एनबीएची तीन गुणांच्या नेमबाजीची स्पर्धा त्यानं जिंकली. त्याच्या मागून आलेला माल्कम ब्रॉग्डन पायाच्या दुखापतीमुळे एक अख्खा मोसम बाहेर बसला, एकूण पाच वर्षं विद्यापीठात राहिला, एनबीएच्या दुसऱ्या फेरीत निवडला गेला आणि पहिल्याच वर्षी तिथला सर्वोत्तम नवोदित ठरला.

नव्या मुलाच्या घरी जाऊन ‘थांबलास तर मोठा होशील’ असं सांगणं सोपं आहे. ते कोणी ऐकावं असं वाटत असेल तर थांबून मोठं झालेलं माणूस दाखवावं लागतं. हॅरिस आणि ब्रॉग्डन यांच्यानंतर बेनेट यांना ते दाखवता आलं. डेव्हन हॉल बाहेर बसला, न्यूझीलंडचा जॅक सॉल्ट बसला, गिनीमधल्या कोनाक्रीहून आलेला मामादी दियाकिते बसला, आणि मग हंटर, हफ. ती तिथली रीतच होऊन गेली. इतर ठिकाणी रेडशर्ट म्हणजे कोचला तू आवडला नाहीस असा अर्थ निघतो. व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गावात, शार्लट्सव्हिलमध्ये, निघत नव्हता, कारण आदल्या वर्षी बाहेर बसलेला मुलगा शेजारीच सुरुवातीच्या पाचांत खेळत असायचा.

एक वर्ष शिकायचं काय

बेनेट यांची बचावाची पद्धत त्यांच्या वडिलांची. डिक बेनेट हे विस्कॉन्सिनचे नावाजलेले कोच. टोनी विस्कॉन्सिन-ग्रीन बे विद्यापीठात त्यांच्याच हाताखाली खेळले आणि पुढे तीन मोसम एनबीएतही होते. वडिलांच्या या पद्धतीला ‘पॅक लाइन’ म्हणतात. तीन गुणांच्या कमानीच्या दोनेक फूट आत एक काल्पनिक रेषा धरायची. ज्याच्याकडे चेंडू आहे त्याच्या अंगावर एकच जण जातो, उरलेले चौघे त्या रेषेच्या आत. चेंडूवाला एकाला चुकवून आत घुसला की त्याला समोर दुसरा दिसतो, मग तिसरा. कबड्डीत साखळी धरलेले खेळाडू चढाईवाल्यावर एकेकटे धावून जात नाहीत, तसाच हा संयम. चेंडू हिसकावायला उडी मारायची नाही. स्वतःची फेक हुकली तर रिबाउंडसाठी तिथे घुटमळायचं नाही, धावत मागे यायचं.

कागदावर हे दहा मिनिटांत कळतं. अंगात भिनायला वर्ष जातं, कारण शाळेतल्या ताऱ्यानं चेंडू दूर असताना बचाव असा कधी केलेलाच नसतो. आपला माणूस पंधरा फुटांवर मोकळा सोडून आत उभं राहायचं, त्याच्याकडे पास निघाला की चेंडू हवेत असतानाच पळत सुटायचं, पोहोचताना हात वर आणि तोल मागे ठेवायचा. यात अर्ध्या सेकंदाचा उशीर झाला तर चौघांची मेहनत वाया. हंटरनं पहिलं वर्ष हे रोज, वरिष्ठ खेळाडूंच्या समोर उभं राहून केलं. शिवाय विद्यापीठाचेच माजी खेळाडू असलेले माइक कर्टिस तिथे शारीरिक तयारीचे कोच होते. सामने नसलेल्या मुलाला प्रवास आणि विश्रांतीची गणितं सांभाळावी लागत नाहीत, त्याच्यावर पूर्ण वर्ष अंगमेहनत घेता येते.

या पद्धतीची दुसरी बाजूही आहे, आणि तिच्याकडे कौतुक करणारे काणाडोळा करतात. व्हर्जिनिया खेळत असे देशात सर्वात संथ. एका सामन्यात साधारण साठ डाव, म्हणजे चेंडू ताब्यात घेऊन हल्ला करण्याच्या साठ संधी. डाव कमी म्हणजे बलाढ्य संघाला आपला वरचढपणा सिद्ध करायला संधी कमी. दुबळ्या संघाची चार-पाच फेकी नशिबानं जास्त गेल्या तर भरून काढायला वेळच उरत नाही. आणि पिछाडीवर पडल्यावर एकदम घाईनं खेळायचं म्हटलं तर ती सवय नसते. 2016 साली राष्ट्रीय उपांत्य फेरीच्या उंबरठ्यावर सिरॅक्यूजविरुद्ध मोठी आघाडी घेऊनही त्यांनी सामना गमावला होता. तेव्हाच टीकाकार म्हणत होते की हा संघ साखळी जिंकेल, मार्च महिन्यातल्या राष्ट्रीय स्पर्धेत मात्र हरेल.

16 मार्च 2018

2017-18 च्या मोसमाआधी तीन खेळाडू विद्यापीठ सोडून गेले होते. थांबण्याची रीत सगळ्यांना मानवत नव्हती. साखळीच्या अंदाजात व्हर्जिनियाला सहावा क्रमांक दिला होता. प्रत्यक्षात संघानं 31 सामने जिंकले, दोनच हरला, साखळी आणि तिची स्पर्धा दोन्ही खिशात घातल्या आणि राष्ट्रीय स्पर्धेत 68 संघांत पहिलं मानांकन मिळवलं. एक वर्ष बाहेर बसलेला हंटर आता राखीव खेळाडूंतला सर्वोत्तम ठरला होता. पण साखळीच्याच स्पर्धेत त्याचं मनगट मोडलं.

पहिल्या फेरीत, शार्लट शहरात, समोर सोळाव्या मानांकनाचा यूएमबीसी संघ होता (स्पर्धेत चार गट, प्रत्येकात एक ते सोळा मानांकनं, सोळावं सर्वात खालचं). बाल्टिमोरजवळचं हे विद्यापीठ तोवर बुद्धिबळासाठी प्रसिद्ध. सोळाव्या मानांकनानं पहिल्याला हरवणं पुरुषांच्या स्पर्धेत कधीच घडलं नव्हतं, 135 वेळा प्रयत्न झाला होता. मध्यंतराला 21-21 अशी बरोबरी. दुसऱ्या अर्ध्यात यूएमबीसीनं 53 गुण ठोकले. एरवी व्हर्जिनिया संपूर्ण सामन्यात प्रतिस्पर्ध्याला सरासरी तेवढेच गुण देत असे. यूएमबीसीच्या तीन गुणांच्या 24 फेकींपैकी 12 आत गेल्या, व्हर्जिनियाच्या 22 पैकी चार. शेवटी 74-54. (त्या रात्री यूएमबीसीचे कोच होते रायन ओडम. 2025 मध्ये व्हर्जिनियानं त्यांनाच आपला कोच नेमलं. कादंबरीत असं लिहिलं असतं तर संपादकानं खोडलं असतं.)

पत्रकार परिषदेला बेनेट गाय आणि जेरोम यांना घेऊन गेले आणि शांतपणे म्हणाले की या आखाड्यात उतरलं की असं घडू शकतं. पुढे काही आठवड्यांनी गायनं आपल्या चिंताविकाराबद्दल आणि त्यावरच्या औषधांबद्दल जाहीरपणे लिहिलं. पराभवानंतर वाकून उभा असलेला स्वतःचा फोटो त्यानं फोनच्या पडद्यावर लावून ठेवला. बेनेट वर्षभर एका कथाकाराचं वाक्य संघाला ऐकवत राहिले, की संकट नीट वापरलं तर ते तुम्हाला एरवी पोहोचता आलं नसतं अशा ठिकाणी नेतं. या गोष्टींवर नंतर पुष्कळ छापून आलं. मुलांना त्यांचा आधार झाला असणारच. पण वाक्यानं सामने जिंकता येत नाहीत.

सामने जिंकायला दोन गोष्टी कामी आल्या. एक, खेळाडू गेले नाहीत. हंटरला त्या उन्हाळ्यात एनबीएत जाता आलं असतं, तो परतला. गाय, जेरोम, दियाकिते, सॉल्ट, हफ, सगळे राहिले. एवढ्या जाहीर नाचक्कीनंतर संघ फुटला असता तर कोणाला नवल वाटलं नसतं. दोन, बेनेट यांनी आक्रमण बदललं. त्यांच्या नेहमीच्या रचनेत दोन उंच खेळाडू बचाव करणाऱ्यांच्या वाटेत आडोसे उभे करत आणि तिघे त्यांच्याभोवती धावत. ती ठेवून त्यांनी जोडीला सतत फिरत राहणारी आडोशाची नवी रचना बसवली, जिच्यात चेंडू हातात असलेल्या खेळाडूला निर्णयाची मोकळीक जास्त. जेरोमसारख्या डोकेबाज खेळाडूला ती मानवली. गाय आणि हंटर या दोघांची तीन गुणांची अचूकता त्या मोसमात 40 टक्क्यांच्या वर होती. बचावाला त्यांनी हातही लावला नाही. पराभवानंतर कोच सहसा आपली ओळखच टाकून देतो किंवा हट्टानं काहीच बदलत नाही. बेनेट यांनी दुखणं नेमकं कुठे आहे ते ओळखलं: मागे पडल्यावर गुण काढण्याचा मार्ग नव्हता, तो तयार केला.

नव्या भरतीतही तोच विचार दिसतो. कॅलिफोर्नियाचा किहेई क्लार्क, उंची जेमतेम पाच फूट नऊ इंच, मोठ्या विद्यापीठांच्या यादीत खाली असलेला. तो चेंडू सांभाळायला आला आणि जेरोम, गाय मोकळे झाले. अलाबामातून बदली घेऊन आलेल्या ब्रॅक्स्टन कीला नियमातून सूट मिळाली, त्यामुळे त्याला एक वर्ष थांबावं लागलं नाही.

तीन सामने, काही सेकंद

2019 च्या स्पर्धेत पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकनाचा गार्डनर-वेब संघ 14 गुणांनी पुढे गेला. प्रेक्षकांत काय चाललं असेल ते सांगायला नको. व्हर्जिनियानं तो सामना 71-56 असा जिंकला. ओक्लाहोमा आणि ओरेगन यांच्यावरचे विजय झाले, ओरेगनविरुद्ध धाप लागेपर्यंत.

खरा कस पर्ड्यूविरुद्ध लागला. कार्सन एडवर्ड्स नावाच्या खेळाडूनं व्हर्जिनियाच्या त्याच प्रसिद्ध बचावावर 42 गुण केले, त्यांत तीन गुणांच्या दहा फेकी. शेवटची पाचेक सेकंद उरली असताना जेरोमला दोन फ्री थ्रो (बिनविरोध फेकी, प्रत्येकी एक गुण) मिळाले, व्हर्जिनिया तीन गुणांनी मागे. पहिला आत, दुसरा हुकला. दियाकितेनं उसळलेला चेंडू टोलवला तो थेट मैदानाच्या दुसऱ्या अर्ध्यात. क्लार्क मागे धावला, चेंडू उचलला. जवळचे सहकारी पास मागत असताना त्यानं दूरवर उभ्या दियाकितेकडे लांबलचक पास टाकला. दियाकितेनं हाती येताच फेकला, भोंगा वाजता वाजता आत. बरोबरी, आणि जादा वेळेत 80-75. त्या पाच सेकंदांत चेंडू हाताळलेल्या तिघांपैकी एक रेडशर्ट होता आणि एक, ज्याला मोठ्यांनी डावललं होतं असा पहिल्या वर्षाचा मुलगा.

उपांत्य फेरीत ऑबर्नविरुद्ध दहा गुणांची आघाडी शेवटच्या पाच मिनिटांत वितळली. जेरोमनं चेंडूचे टप्पे थांबवून पुन्हा सुरू केले, हे नियमाबाहेरचं ‘डबल ड्रिबल’, पण ते पंचांच्या नजरेतून सुटलं. ऑबर्नचे लोक आजही ते विसरलेले नाहीत, आणि त्यांचं बरोबर आहे. मग 0.6 सेकंद उरलं असताना गायला तीन गुणांची फेक करताना फाउल झाला. संघ दोन गुणांनी मागे. गायनं तिन्ही फ्री थ्रो आत टाकले, 63-62.

अंतिम सामन्यात टेक्सस टेकविरुद्ध तीन गुणांनी मागे असताना, साधारण 12 सेकंद बाकी असताना हंटरनं कोपऱ्यातून तीन गुण काढून 68-68 केलं. जादा वेळेत व्हर्जिनियाचे बाराच्या बारा फ्री थ्रो आत गेले, निकाल 85-77. टेक्सस टेकचा जॅरेट कल्व्हर 22 पैकी पाचच फेकी आत टाकू शकला. त्याच्यावर बहुतेक वेळ हंटर होता.

लागोपाठ तीन सामने शेवटच्या क्षणी वाचले. यातला एकही उलटा गेला असता तर आज ‘बेनेट पद्धत मोठ्या स्पर्धेत चालत नाही’ असं लेख लिहिणारे लिहीत असते, आणि पद्धत मात्र तीच असती. त्याच मोसमात ड्यूकनं झायन विल्यमसन आणि आरजे बॅरेट या पहिल्या वर्षाच्या मुलांच्या जोरावर व्हर्जिनियाला दोनदा हरवलं होतं. व्हर्जिनियाच्या संपूर्ण वर्षातल्या तीन पराभवांपैकी दोन ड्यूककडून. तो ड्यूक उपांत्य फेरीही गाठू शकला नाही, मिशिगन स्टेटकडून एका गुणानं हरला. म्हणून ‘थांबणारे जिंकतात, घाईवाले हरतात’ असा निष्कर्ष या एका स्पर्धेवरून काढणं मला पटत नाही. पिछाडीवर असतानाही घाबरून न जाता योग्य फेक शोधणारा संघ चार-चार वर्षांत तयार झाला होता, एवढं म्हणता येतं. फेक आत जाणं हा वेगळा भाग.

त्यानंतर

हंटर, जेरोम आणि गाय तिघेही 2019 च्या एनबीए निवडीत गेले. विद्यापीठानं पगारवाढ देऊ केली तेव्हा बेनेट यांनी ती नाकारली, ते पैसे सहकाऱ्यांना द्या म्हणाले, आणि पत्नीसह खेळाडूंच्या पुढच्या करिअरसाठी 5 लाख डॉलर्स जाहीर केले. संघानं 2021 मध्ये साखळी जिंकली, 2023 मध्ये मायामीबरोबर वाटून घेतली. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र बेनेट यांच्या संघाला पुन्हा एकही सामना जिंकता आला नाही: 2021 मध्ये ओहायो, 2023 मध्ये फर्मन, 2024 मध्ये कोलोरॅडो स्टेटकडून 67-42.

दरम्यान नियम बदलले. 2021 च्या वसंतात खेळाडूला विद्यापीठ बदलून लगेच खेळण्याची मुभा मिळाली. पूर्वी बदली घेतली की बहुतेकांना एक वर्ष बसावं लागे. त्याच वर्षी 1 जुलैपासून स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे कमावण्याची परवानगी आली. ही दोन्ही पावलं खेळाडूंच्या बाजूनं न्याय्यच म्हणावी लागतील. त्यांच्या घामावर विद्यापीठं आणि वाहिन्या दशकानुदशकं अब्जावधी कमवत होती, आणि कोच करार मोडून कधीही दुसरीकडे जाऊ शकत होते.

पण त्यानं बेनेट यांचा हिशेब मुळातूनच उखडला. बाकावर एक वर्ष बसलेल्या हंटरसमोर 2017 मध्ये थांबणं किंवा दुसरीकडे जाऊन आणखी एक वर्ष बसणं, असे दोनच रस्ते होते. आजच्या हंटरला मोसम संपताच दुसऱ्या विद्यापीठाकडून पैसे, जागा आणि लगेच खेळण्याची हमी मिळते. त्याच्यावर वर्षभर घेतलेल्या मेहनतीचं फळ मग ज्याच्या पदरात पडेल त्याच्या. त्यामुळे कोचनाही तेवीस वर्षांचा, दुसऱ्या कुणी घडवलेला खेळाडू विकत घेणं सोयीचं वाटू लागलं आहे. अनुभवी संघ आजही जिंकतात; फक्त तो अनुभव एकाच जिममधला असण्याची गरज उरलेली नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये, मोसम सुरू व्हायला तीनेक आठवडे असताना, 55 वर्षांच्या बेनेट यांनी राजीनामा दिला. व्हर्जिनियात त्यांच्या नावावर 364 विजय जमा होते, तिथल्या कोणत्याही कोचपेक्षा जास्त. आताच्या वातावरणात हे काम करायला आपण योग्य माणूस नाही, असं त्यांनी सांगितलं. खेळाडूंना पैसे मिळतात ते चांगलंच आहे, हेही त्यांनी त्याच पत्रकार परिषदेत स्पष्ट केलं.